आधी ऊन, मग ओवा



पावसाळ्याच्या दिवसांत स्वयंपाकघरातले डबे एकदा उघडून पाहा. रव्यात अळ्या झालेल्या असतात, पिठाला जाळी धरलेली असते, मुगाला भुंगा लागून दाण्यादाण्याला भोके पडलेली असतात. त्याच फळीवरची लवंग मात्र दोन पावसाळे काढूनही जशीच्या तशी असते. घर एक, हवा एक, मग हा भेद का?

उत्तर लवंगेच्या वासात आहे. ज्या वासाने आपल्या जिभेला चव येते, तोच वास किडीला, बुरशीला आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना नकोसा वाटतो, पुष्कळदा मारकही ठरतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे अनुभवाने ओळखले होते. शास्त्रज्ञांनी पुढे ते प्रयोगशाळेत तपासले आणि त्यात तथ्य आहे असे दाखवले. परंतु या वासाची ताकद किती आणि तिची हद्द कुठे संपते, हेही प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक असायला हवे. कारण ती हद्द न ओळखल्यामुळे धान्याचेच नव्हे, माणसांचेही नुकसान होऊ शकते.

उडून जाणारे तेल

तेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाणा येतो. शेंगदाणा, करडई, तीळ, एरंड यांचे तेल घाण्यातून निघते. ते स्थिर तेल. त्याचा थेंब कागदावर टाकला तर डाग पडतो आणि तो तसाच राहतो. लवंग, ओवा, दालचिनी, गवती चहा यांच्या वासाचे तेल निराळे. त्याचा थेंब कागदावर टाकला तर काही वेळाने तो उडून जातो आणि तेलकट डाग असा उरत नाही. म्हणून याला उडून जाणारे किंवा सुगंधी तेल म्हणतात. हवेत मिसळते तेव्हाच ते आपल्या नाकाला कळते.

हे तेल घाण्यातून काढत नाहीत, ते वाफेवर काढतात. आपल्या खानदेशाला ही विद्या जुनीच आहे. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे या बाजूला एकोणिसाव्या शतकात रोशा गवताचे तेल मोठ्या प्रमाणावर निघत असे. चुलवणावर लोखंडी कढई, तिच्यात गवत आणि पाणी, वर लाकडी झाकण, झाकणातून निघणाऱ्या बांबूच्या पोकळ नळ्या आणि त्या नळ्यांच्या टोकाला ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बसवलेले तांब्याचे भांडे, एवढीच सामग्री. वाफेबरोबर गवतातले तेल वर येई आणि थंड भांड्यात पाण्यावर तरंगू लागे. हे तेल मुंबई बंदरातून पार तुर्कस्तानापर्यंत जात असे आणि तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

झाडात हे तेल असते तरी किती? एक किलो ओव्यात साधारण २० ते ४० ग्रॅम. एक किलो लवंगेत मात्र १५० ते २०० ग्रॅम. सुगंधी तेलाच्या बाबतीत लवंगेइतकी श्रीमंत वस्तू क्वचितच सापडेल.

झाड आपल्यासाठी हे तेल बनवत नाही. त्याला किडीपासून पळून जाता येत नाही की हात उगारता येत नाही. म्हणून बऱ्याच वनस्पती पानाफुलांत, सालीत किंवा बियांत असा उग्र द्रव साठवून स्वतःची राखण करतात. आपण तोच राखणदार आपल्या घरी कामाला लावतो.

मसाल्याच्या डब्यातले राखणदार

ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचे द्रव्य भरपूर असते. त्याचे पांढरे खडे म्हणजेच बाजारात मिळणारे ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजे भरभरून जर्मनीला जाई, तो हे थायमॉल काढण्यासाठीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतड्यातल्या आकडेकृमींवर थायमॉल हे डॉक्टरांचे मुख्य औषध होते. आजही मधमाश्यांच्या पेट्यांत शिरणाऱ्या व्हरोआ नावाच्या गोचिडीसारख्या किडीवर थायमॉल वापरतात.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असते. दाढ दुखली की आपण लवंग धरतो. दातांचे डॉक्टर दात तात्पुरता भरताना जे मिश्रण वापरतात, त्यात हेच युजेनॉल असते. दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड असते आणि बुरशीला रोखण्यात ते फार प्रभावी आहे.

मोहरी आणि लसूण यांची तऱ्हा मात्र वेगळी. कोरडी मोहरी हातात घ्या, वास येत नाही. तीच पाणी घालून फेसा, नाकातोंडातून पाणी काढते! याचे कारण असे की मोहरीत दोन द्रव्ये वेगवेगळी बंद असतात. दाणा फुटून पाणी लागले की ती एकत्र येतात आणि त्यातून ते झणझणीत तेल तयार होते. ही घडामोड उष्णतेने थांबते. म्हणून तडतडलेल्या मोहरीत तो झणका नसतो. लोणच्यावर फोडणी पूर्ण गार करून मगच ओतावी, असे वडीलधाऱ्या बाया सांगतात, त्यातले शहाणपण आता ध्यानात येईल. गरम फोडणी ओतली तर मोहरीच्या डाळीचा जोर तिथेच मरतो. लसणाचेही असेच. अखंड पाकळीला फारसा वास नसतो, ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होते. अमेरिकेत १९४४ साली कॅव्हॅलिटो या शास्त्रज्ञाने ते वेगळे काढून दाखवले आणि त्याने जंतू मरतात हे सिद्ध केले.

ही तेले जंतूला मारतात कशी? प्रत्येक जंतूभोवती अतिशय पातळ, स्निग्ध असे आवरण असते. तेल तेलात मिसळते हे तुम्हाला ठाऊकच आहे. थायमॉल किंवा युजेनॉल या स्निग्ध आवरणात शिरते आणि ते सैल करते. फाटक्या पखालीतून पाणी गळावे तसा जंतूच्या आतला ऐवज गळू लागतो आणि त्याचा कारभार आटोपतो. काही जातीच्या जंतूंना आणखी एक बाहेरचे आवरण असते. ते मात्र दाद देत नाहीत, किंवा उशिरा देतात.

लोणच्याची बरणी कोण राखते?

आता आपल्या घरच्या लोणच्याकडे वळू. बरणी धुऊन, कडक उन्हात वाळवून, तिला निखाऱ्यावर टाकलेल्या हिंगाची धुरी देण्याची चाल बऱ्याच घरांत आहे. धुरीच्या उबेने बरणीतला उरलासुरला दमटपणा जातो आणि हिंगाचा उग्र अंश आत बसतो. चाल चांगली आहे, ती चालू ठेवा.

पण लोणचे टिकते ते हिंगामुळे, हे खरे नव्हे. पहिला राखणदार मीठ. मीठ कैरीतले पाणी ओढून घेते आणि जंतूंना ते मिळू देत नाही. दुसरा राखणदार कैरीचा किंवा लिंबाचा आंबटपणा. तिसरा वरचे तेल. फोडी तेलात बुडालेल्या असल्या की त्यांना हवा लागत नाही आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही. मोहरी, हिंग, हळद, मेथी हे चौथे. या चौघांची एकजूट असते तेव्हा लोणचे वर्षभर टिकते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले म्हणून लोणच्यात निम्मे मीठ घालायचे आणि भरपाई म्हणून हिंग-मोहरी वाढवायची, असे केले तर लोणचे बिघडणारच. कमी मिठाचे लोणचे करायचेच असेल तर ते थोडे करा आणि लवकर संपवा.

प्रयोगशाळेतली बशी आणि घरातले पातेले

“लवंगेच्या तेलाने जंतू मरतात” असे वाचले की वाटते, मग दुधात, वरणात, भाजीत दोन थेंब टाकले की काम झाले. तसे होत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि त्यावर तेल टाकून पाहतात. तिथे अगदी थोडे तेल पुरते. अन्नात स्निग्धांश असतो, प्रथिने असतात. सुगंधी तेल त्यांतच विरघळून बसते आणि जंतूपर्यंत पुरते पोचत नाही. म्हणून तोच परिणाम अन्नात साधायचा तर दहापट, कधी पन्नासपट आणि मऊ चीजसारख्या पदार्थात शंभरपटीपर्यंतही तेल लागू शकते. एवढे तेल घातलेला पदार्थ तोंडात धरवणार नाही.

यावर शास्त्रज्ञांनी युक्त्या काढल्या आहेत. तेल अन्नात न घालता त्याची नुसती वाफ अन्नाभोवती ठेवायची, ही त्यांतली एक. जपानमध्ये डब्यातल्या जेवणावर मोहरीच्या झणक्याचे द्रव्य लावलेला पातळ कागद ठेवतात. आपल्या ओव्याच्या पुरचुंडीचाच हा सुधारलेला प्रकार म्हणायचा.

आणखी एक गोष्ट. मसाला जंतूंना रोखतो म्हणून तो स्वतः स्वच्छ असतोच असे नाही. अंगणात, धुळीत वाळवलेल्या मिरीवर, धन्यावर, मिरचीवर जंतू असू शकतात. दमट राहिलेल्या मिरचीला तर बुरशी चटकन लागते. मसाला स्वच्छ फडक्यावर वाळवा, भाजून मग कुटा आणि ओला चमचा त्यात कधीही घालू नका.

१९७४ सालचा मका

आता जी हकीकत सांगणार आहे ती मन लावून वाचा. १९७४ साली पावसाळा सरल्यावर गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीसारखा आजार पसरला. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. दोनशेहून अधिक गावांत आजार पोचला. ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले १०६ मरण पावले. त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडून मेली. शोध घेता कळले की दोष पाण्याचा नव्हता, मक्याचा होता. कणसे तयार होताना अवकाळी पाऊस झाला होता, मका ओलाच साठवला गेला होता आणि त्यावर बुरशी चढली होती. गरिबी अशी की दुसरे धान्य घरात नव्हते. तोच मका महिना-दीड महिना रोज पोटात गेला.

त्या बुरशीने जे विष मक्यात सोडले, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते प्रथम लक्षात आले १९६० साली इंग्लंडमध्ये. तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी भुईमुगाच्या बुरसटलेल्या पेंडीमुळे मेले होते. ही बुरशी भुईमूग, मका, सरकी आणि मिरची यांवर विशेष येते आणि ही पिके आपल्या शिवारात आहेत. दुभत्या जनावराला बुरसटलेली पेंड घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच लेकरांच्या पोटात जाते.

योगायोग असा की त्याच १९७४ साली अमेरिकेतल्या बुलरमन या शास्त्रज्ञाने दालचिनीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दालचिनी असली की ही बुरशी विष तयार करू शकत नाही, असे त्यांना दिसले. पुढे लवंगेचेही तसेच आढळले. मग त्या मक्यात दालचिनी टाकली असती तर ती माणसे वाचली असती का?

नाही. इथेच सगळे मर्म आहे. ही तेले बुरशीला येऊ देत नाहीत, तिची वाढ रोखतात. पण एकदा बुरशी येऊन तिने विष सोडले की ते विष लवंगेने जात नाही, दालचिनीने जात नाही, उन्हाने जात नाही आणि शिजवूनही पुरते जात नाही. वास मात्र झाकला जातो. बुरसटलेल्या दाण्यांची चटणी लसूण-मसाला घालून रुचकर लागेल, पण तिच्यातले विष तसेच राहील. वरातीमागून आलेल्या घोड्याचा काय उपयोग? म्हणून आधी ऊन, मग ओवा.

तेलातला लसूण

असाच एक धडा १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात मिळाला. एका खानावळीत तेलात बुडवलेल्या चिरलेल्या लसणाची बाटली थंड जागी न ठेवता बाहेरच राहिली होती. तो लसूण खाऊन ३६ जणांना बॉट्युलिझम हा नसा लुळ्या पाडणारा गंभीर आजार झाला. लसूण तर जंतुनाशक, मग असे का? या आजाराचा जंतू मातीतून येतो आणि त्याला हवा नको असते. तेलाने हवा तोडली आणि त्याचे फावले. आंबट तर काही नव्हतेच आणि लसणाचा जोर पुरला नाही. म्हणून लसूण, आले किंवा ओली मिरची नुसत्या तेलात घालून कपाटात ठेवू नका. त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि पुरेसे मीठ हवेच. नुसत्या तेलातले ठेवायचे असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

धान्य भरताना काय करावे?

पहिले काम वाळवणे. धान्य पातळ पसरून, वरचेवर हात फिरवून खडखडीत वाळवा. ज्वारी-गव्हाचा दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. धान्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत यावा लागतो. भुईमुगाची शेंग कानाशी हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत. ती आणखी सुकी, आठ टक्क्यांपर्यंत हवी. उन्हातले तापलेले धान्य लगेच कोठीत भरू नका, गार होऊ द्या. नाहीतर रात्री कोठीच्या आत घाम सुटतो आणि त्या ओलाव्यावर बुरशी धरते.

दुसरे काम स्वच्छता. कोठी, कणगी झाडून, फटी लिंपून घ्या. जुनी पोती उलटी करून कडक उन्हात टाका. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

हे झाल्यावर वासाचे राखणदार नेमा. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथराने घाला. ओला पाला घातला तर भुंगा जायचा राहील आणि बुरशी मात्र येईल. कडुनिंबाचे काम वासापेक्षा कडू द्रव्यावर अधिक चालते, पण ते चालते. लहान डब्यांत ओव्याची किंवा लवंगेची पुरचुंडी ठेवा. डबा घट्ट बंद असेल तरच तिचा उपयोग. सतत उघडझाप होणाऱ्या डब्यातला वास उडून जातो आणि पुरचुंडी दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. शंभर किलोच्या कोठीत मूठभर लवंगेने काही होत नाही, तिथे पैसे घालवू नका.

वेखंडाने किडे पळतात आणि मरतातही. पण वेखंडातल्या ॲसरोन नावाच्या द्रव्याने उंदरांना कर्करोग झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली अन्नात वेखंड घालण्यास बंदी केली. तेव्हा वेखंड कपड्यांच्या पेटीत आणि बियाण्यात घाला, खाण्याच्या धान्यात नको. बाळगुटीत वेखंड उगाळायचे तर आधी डॉक्टरांना विचारा.

तूर, मूग, हरभरा या कडधान्यांना मात्र आपले घाण्याचे साधे तेल उत्तम. एक किलो कडधान्याला एक ते दोन चहाचे चमचे एरंडेल किंवा गोडे तेल सगळीकडे लागेल असे चोळा. भुंग्याची अंडी दाण्यावर चिकटलेली असतात, ती तेलाने गुदमरतात. शिवाय हा भुंगा सालीसकट अख्ख्या दाण्याला धरतो, डाळीला सहसा धरत नाही. वेळेवर डाळ करून ठेवणे हाही उपायच.

आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांपासून दूर राहा. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांना ओल लागली की त्यातून जो वायू निघतो, तो माणसाचाही जीव घेतो. ते जाणत्या माणसाने, मोकळ्या गोदामात करायचे काम आहे. ज्या घरात लेकरे झोपतात, तिथल्या कोठीत ही गोळी कधीही जाता कामा नये.

बाटली उंच फळीवर

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असा समज करून घेऊ नका. लवंग खाणे निराळे आणि लवंगेचे तेल निराळे. एका छोट्या बाटलीत कित्येक मुठी लवंगेचा जोर असतो. लहान मुलाने एक-दोन चमचे लवंगेचे तेल प्यायले तर ते बेशुद्ध पडते आणि त्याच्या यकृताला इजा होते. निलगिरीच्या तेलाचाही असाच धोका आहे आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. अशा बाटल्या उंच फळीवर, कुलपात ठेवा. पोरगे चुकून प्यायलेच तर ओकारी काढत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

थोडक्यात सांगायचे तर

धान्य आधी उन्हात वाळवा, मग त्यात राखणदार ठेवा. लोणच्यात मीठ, आंबट आणि तेल पुरते घाला, मग मसाल्याचा जोर लागू पडेल. बुरशी दिसली, हिरवट-पिवळट डाग दिसले, दाणे सुरकुतलेले किंवा कडवट लागले तर ते वेचून जाळून टाका. ते माणसाला नको, जनावरालाही नको. जीव तुटतो हे खरे. वर्षभराच्या घामाचे धान्य फेकवत नाही. पण मूठभर दाणे वाचवण्यासाठी घरातल्या माणसाचा जीव धोक्यात घालणे कुणालाच परवडणारे नाही.

या वर्षीचे धान्य घरात येईल तेव्हा कोठीचे झाकण लावण्याआधी चार दाणे दाताखाली घालून पाहा. ते कट्कन तुटले तर खुशाल ओव्याची पुरचुंडी बांधा. चेपले गेले, तर त्या धान्याला अजून एक ऊन द्या.